सर्पगंधा : एका शामक मुळीची कथा

कांहीं नांवें वस्तूची ओळख करून देतात, तर कांहीं ती ओळख झांकून ठेवतात. सर्पगंधा हें नांव दुसऱ्या प्रकारचें आहे. नांवावरून वाटावें कीं, ह्या वनस्पतीला कांहींतरी उग्र वास असेल. पण तिची वाळलेली मुळी हुंगून पाहिली तर बहुतेक कांहींच वास येत नाहीं. नांवावरून असेंहि वाटावें कीं, ती सापाच्या विषावर उतारा असेल. पण सर्पविष उतरविण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. जें सामर्थ्य तिच्यांत खरोखर आहे त्याचा नांवांत मागमूसहि लागत नाहीं. प्रक्षुब्ध झालेलें मन शांत करणें आणि रक्ताचा वाढलेला दाब खालीं आणणें, हें तें सामर्थ्य होय.

ह्या एका मुळीनें विसाव्या शतकांत साऱ्या जगाच्या वैद्यकांत जी उलथापालथ घडवून आणली तिची हकीकत आज मला श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. ही हकीकत आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती तेवढीच नाहीं. जी मुळी मनाला शांति देते तीच, मात्रा अधिक झाली किंवा भलत्या माणसाला दिली, तर त्या मनाचा दिवा मालवूं शकते. आणि हीं दोन्ही कार्यें ती एकाच मार्गानें करते. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे "झाडपाल्याचें औषध तें, त्यानें काय अपाय होणार?" हा घरोघरीं ऐकूं येणारा प्रश्न किती भाबडा आहे तें समजून येईल.

प्रथम ह्या वनस्पतीची ओळख करून घेऊं. कण्हेर, सदाफुली, सातवीण हीं ज्या कुळांतलीं, त्याच कुळांतलें हें एक लहानसें झुडूप आहे. उंची बहुधा दोन हातांच्या आंतबाहेर. पानें खोडाच्या एकेका पेऱ्याशीं तीन-तीन अशीं वर्तुळांत येतात. फुलें पांढरीं, पण त्यांची नळी व देंठ तांबूस असतात. फळें वाटाण्याएवढीं, प्रथम हिरवीं आणि पिकल्यावर जांभळट काळीं. मुळी वांकडीतिकडी, वरून पिंगट आणि चवीला अतिशय कडू. तिच्यांतील औषधी द्रव्यांचा मोठा सांठा मुळीच्या सालींत असतो. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत, बिहार, बंगाल व आसाम या प्रांतांत, तसेंच सह्याद्रीच्या उतारावर, कोंकण व गोमंतकांतील ओलसर, सांवलीच्या रानांत ती उगवते. आणि देशाबाहेर श्रीलंका, ब्रह्मदेश, जावा येथवर ती पसरलेली आहे. मराठींत तिला 'हरकाया', 'अडकई' असें म्हणतात; हिंदींत 'छोटा चांद', 'धवलबरुआ' अशीं तिचीं नांवें आहेत, आणि युनानी हकीम तिला 'असरोल' म्हणून ओळखतात.

आपल्या प्राचीन वैद्यक-संहितांत सर्पगंधा, नाकुली, गंधनाकुली अशीं नांवें आढळतात आणि तीं बहुधा विषचिकित्सेच्या प्रसंगानें येतात. आज आपण जिला सर्पगंधा म्हणतों तीच ही वनस्पति, असें सर्वच पंडित मानीत नाहींत. जुन्या ग्रंथांतील नांवें आणि आजच्या रानांतील झाडें यांची सांगड घालणें हें नेहमींच कठीण काम असतें. परंतु 'नाकुली' ह्या शब्दांत जी लोककथा दडलेली आहे ती मात्र दूरदूरच्या देशांतून ऐकूं येते. नकुल म्हणजे मुंगूस. सापाशीं झुंज घेण्यापूर्वीं मुंगूस ही मुळी चावतें आणि मग विषाची पर्वा न करतां सापावर तुटून पडतें, अशी ती कथा आहे.

हीच कथा एका परदेशी वैद्यानें गोमंतकांत बसून लिहून ठेविली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांविषयींचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांतील एका संवादांत सिलोनांतील 'सर्पकाष्ठां'ची माहिती आली आहे. मुंगूस ती मुळी चावून तिचा रस आपल्या अंगाला व डोक्याला माखतें आणि मग नागावर झेंप घेतें, असें तो सांगतो. त्यानें वर्णिलेल्या काष्ठांपैकीं एक सर्पगंधाच असावी, असें मानणारे अभ्यासक आहेत.

आतां हें स्पष्ट झालें आहे कीं, मुंगूस जिंकतें तें मुळीच्या बळावर नव्हे. त्याची विलक्षण चपळाई, अंगावरचे दाट राठ केस, आणि नागाच्या विषाला सहजासहजीं दाद न देणारी त्याच्या शरीराची घडण, हीं त्याच्या विजयाचीं कारणें आहेत. मग माणसांना ह्या मुळीनें गुण आल्याच्या इतक्या गोष्टी कशा प्रचलित झाल्या? त्याचें उत्तर सोपें आहे. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं तो पुरेसें विष सोडतोच असें नाहीं. अशा माणसाला कोणतीहि मुळी उगाळून पाजली तरी तो वांचतो, आणि श्रेय मुळीच्या पदरांत पडतें. जे दगावले ते आपली साक्ष द्यावयाला मागें उरत नाहींत.

वनस्पतीच्या शास्त्रीय नांवाचीहि कथा अशीच गमतीची आहे. 'रौवोल्फिया सर्पेंटिना' हें तें नांव. लिओनहार्ट रौवोल्फ हा जर्मनींतील आउग्सबुर्ग नगराचा वैद्य. औषधी वनस्पतींच्या शोधार्थ त्यानें १५७३ ते १५७६ ह्या काळांत सीरिया व इराक ह्या बाजूंचा प्रवास केला; कॉफीच्या पेयाचें वर्णन युरोपांतील वाचकांपुढें ठेवणाऱ्या पहिल्या लेखकांत त्याची गणना होते. तो हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं आणि ही मुळी त्यानें कधीं पाहिली नाहीं. १७०३ सालीं प्लुमिए ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील एका वनस्पतिगणाला त्याच्या स्मरणार्थ त्याचें नांव दिलें, आणि आपलें झुडूप त्याच गणांत मोडत असल्यानें पुढें त्यालाहि तें मिळालें.

ग्रंथांतून असा सापामुंगुसांचा खेळ चालला असतां सामान्य लोकांना मात्र ह्या मुळीचा खरा गुण पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. बिहारांत तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. जो माणूस आरडाओरडा करतो, वस्तू फोडतो, ज्याला रात्रंदिवस झोंप नाहीं, अशा माणसाला ती मुळी देत आणि तो हळूहळू निवळे. त्याच प्रांतांत गरीब घरांतून तान्ह्या मुलांना निजविण्यासाठीं ह्या मुळीचा उपयोग करीत असत, अशी नोंद विसाव्या शतकांतील संशोधकांनीं करून ठेविली आहे. दिवसभर शेतांत राबावयाला जाणाऱ्या आईची अडचण आपण समजूं शकतों. पण ती चाल किती धोक्याची होती तें पुढें येईलच. लोकांचें ज्ञान खरें होतें, परंतु तें मोजमापाविना होतें. कोणाला द्यावी, किती द्यावी, केव्हां थांबवावी आणि कोणाला मुळींच देऊं नये, ह्या प्रश्नांचीं उत्तरें अनुभवी वैद्यापाशीं कदाचित् असतील. बाजारांत मुळी विकणाऱ्यापाशीं तीं खासच नव्हतीं.

ह्या ज्ञानाला मोजमापाची जोड मिळाली ती १९३१ ह्या वर्षीं, आणि तीहि एकाच वेळीं दोन नगरांत. दिल्लीचे हकीम अजमलखान यांनीं आयुर्वेद आणि युनानी ह्या दोन्ही विद्यांसाठीं तिब्बिया कॉलेज उभें केलें होतें. आपल्या परंपरेंतील औषधें आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घांसून पाहिलीं पाहिजेत, अशी त्यांची मोठी इच्छा होती. त्यासाठीं जर्मनींत शिकलेले सलीमुज्जमान सिद्दिकी ह्या तरुण रसायनज्ञाला त्यांनीं हाताशीं धरलें. हकीमसाहेब १९२७ सालीं निवर्तले. पुढें चार वर्षांनीं सलीमुज्जमान आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनीं सर्पगंधेच्या मुळींतून पांच अल्कलॉइडें निराळीं काढून दाखविलीं. वनस्पतींत सांपडणारीं, अल्प प्रमाणांतहि शरीरावर प्रभावी ठरणारीं जीं क्षारधर्मी द्रव्यें, त्यांना अल्कलॉइडें म्हणतात. अफूंतील मॉर्फीन हें त्यांतलेंच एक. ह्या पांचांपैकीं एका द्रव्याला त्यांनीं हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असें नांव दिलें. हृदयाच्या ठोक्यांतील कांहीं छुपे दोष उघडकीस आणण्यासाठीं हें अजमलीन आजहि हृदयरोगतज्ज्ञ वापरतात. एका हकिमाचें नांव अशा रीतीनें जगाच्या औषधकोशांत कायमचें राहिलें आहे.

त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं एक लेख प्रसिद्ध केला. उन्माद आणि रक्ताचा वाढलेला दाब ह्या दोन विकारांवरील एक नवें भारतीय औषध, असा त्याचा विषय होता. मुळीचें वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसांतून दोनदां दिलें असतां रोग्याला झोंप लागते, त्याचा हिंस्रपणा ओसरतो आणि रक्ताचा दाबहि उतरतो, असा अनुभव त्यांनीं मांडला. पुढें १९३३ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयांत रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून मुळीचा शामक व दाब उतरविणारा गुण पडताळून पाहिला. देहरादूनच्या एका औषध-कारखान्यानें ह्या मुळीच्या गोळ्या १९३४ पासून विक्रीस आणल्या आणि देशांतले डॉक्टर त्या वापरूं लागले.

असें असूनहि पश्चिमेकडील वैद्यकजगताला ह्या साऱ्याची दादहि नव्हती. तें दार उघडलें मुंबईच्या एका डॉक्टरानें. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म मुंबईचा, १९११ सालचा. लंडनला शिक्षण पुरें करून ते परत आले आणि परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांत काम करूं लागले. सर्पगंधेचा अनुभव त्यांनीं अनेक वर्षें घेतला होता. १९४९ सालीं लंडनहून निघणाऱ्या हृदयविज्ञानाच्या एका मान्यवर नियतकालिकांत त्यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवें द्रव्य शोधून काढल्याचा त्यांचा दावा नव्हता. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, आपल्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांनीं मोजली, आंकड्यांत मांडली आणि जग वाचतें तेथें ती छापविली. परंतु हें 'एवढेंच' फार मोठें ठरलें. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनीं ही मुळी आपल्या रोग्यांना देऊन पाहिली आणि एक विशेष गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. झोंपेच्या इतर औषधांनीं माणूस गुंगतो. ह्या मुळीनें तो जागा राहूनच निश्चिंत होतो.

आतां रसायनज्ञांपुढें कोडें पडलें. सिद्दिकींनीं वेगळीं काढलेलीं स्वच्छ स्फटिकरूप द्रव्यें घेतलीं तर त्यांच्यांत ही शांति देणारी शक्ति दिसेना; उलट तीं काढून घेतल्यावर मागें उरलेल्या चिकट राळेंत ती दिसे. म्हणजे गाभा फेंकून दिलेल्या चोथ्यांत होता! स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्युलर, श्लिटलर आणि बाइन ह्या तिघांनीं त्या राळेचा पिच्छा पुरविला आणि १९५२ सालीं तिच्यांतून 'रेसर्पीन' नांवाचें द्रव्य मिळविलें. मुळींत त्याचें प्रमाण हजारांत एक-दोन भागांइतकेंच. पण प्रभाव असा कीं, पुढें रक्तदाबासाठीं जी रोजची मात्रा रूढ झाली ती एका ग्रॅमच्या चार हजाराव्या भागाहून सहसा अधिक नसे.

ह्या शोधाचें महत्त्व कळण्यासाठीं त्या काळच्या वेड्यांच्या रुग्णालयांची स्थिति डोळ्यांपुढें आणली पाहिजे. अमेरिकेंत १९५५ सालीं सरकारी मनोरुग्णालयांतून सुमारे साडेपांच लाख माणसें कोंडलेलीं होतीं. उपाय म्हणजे हातपाय जखडणारे कपडे, विजेचे धक्के, इन्सुलीन टोंचून आणलेली बेशुद्धि, आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया. अशा काळीं न्यूयॉर्क प्रांतांतील रॉकलंड येथील रुग्णालयांत नेथन क्लाइन यांनीं मुळी आणि रेसर्पीन देऊन पाहिलें व १९५४ सालीं आपला अनुभव जाहीर केला. कोणाच्या ध्यानीं मनीं नसलेल्या माणसाच्या नजरेंत हा फरक आधीं भरला, अशी एक आठवण सांगितली जाते. तो माणूस म्हणजे रुग्णालयाचा कांचा बसविणारा कारागीर. त्याच्या कामांतच खळ पडूं लागला, कारण खिडक्यांच्या कांचा पूर्वींसारख्या फुटेनाशा झाल्या. त्याच सुमारास फ्रान्समधून क्लोरप्रोमाझीन हें दुसरें औषध पुढें आलें. मनाच्या रोगावर औषध असूं शकतें, ही गोष्ट ह्या दोन द्रव्यांनीं मिळून सिद्ध केली. १९५७ सालीं अमेरिकेचें मानाचें लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालें त्यांत क्लाइन होते, आणि मुंबईचे डॉ. वकीलहि होते.

कथा येथें संपली असती तर ती किती गोड झाली असती! परंतु ज्या १९५४ सालीं रॉकलंडची आनंदवार्ता आली त्याच सालीं वॉशिंग्टनचे डॉ. एडवर्ड फ्राइस यांनीं एक सावधगिरीची सूचना छापली. रक्तदाबासाठीं ज्यांना रेसर्पीन मोठ्या मात्रेनें व बरेच दिवस दिलें होतें, अशा कांहीं रोग्यांना घोर खिन्नतेनें ग्रासलें होतें. ते वेडे नव्हते. संसारांत रमलेलीं साधीं माणसें होतीं. औषधानें त्यांचा दाब उतरला, आणि त्याबरोबर जगण्यांतला रसहि आटला. ही नोंद अनेकांनीं दुजोरा देऊन पुढें नेली; आत्महत्येच्या घटनाहि पुढें आल्या. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. १९५५ सालीं लंडनमध्यें चिंता व खिन्नता असलेल्या कांहीं रोग्यांना काटेकोर पद्धतीनें तेंच औषध दिलें असतां त्यांना बरें वाटल्याचें दिसलें. अल्प मात्रेंत हा धोका नेमका किती, याविषयीं तज्ज्ञांत आजहि मतभेद आहेत. परंतु मात्रा वाढली कीं धोका वाढतो, आणि ज्याला पूर्वीं एकदां खिन्नतेचा आजार होऊन गेला आहे त्याला हें औषध देऊं नये, याविषयीं एकवाक्यता आहे.

असें कां व्हावें? आपल्या मज्जातंतूंच्या टोंकांशीं अतिसूक्ष्म कोठारें असतात. त्यांत नॉरॲड्रेनलीन, डोपामीन, सेरोटोनीन अशीं संदेशवाहक द्रव्यें सांठवून ठेवलेलीं असतात. उत्साह, भीति, हालचाल, नाडीचा वेग, हें सारें त्यांच्या देवघेवीवर चालतें. रेसर्पीन ह्या कोठारांचें दारच बंद करतें. माल आंत जाऊं शकत नाहीं, बाहेर राहिलेला वायां जातो, आणि कोठारें हळूहळू रितीं होतात. रित्या कोठारांतून रागाचा संदेश निघत नाहीं, तसा आनंदाचाहि निघत नाहीं. म्हणजे शांति आणि खिन्नता हे ह्या मुळीचे दोन वेगळे गुण नव्हेत; एकाच क्रियेच्या त्या दोन पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर मात्रेनें व माणसाच्या प्रकृतीनें ठरतें.

ह्याच रितेपणानें विज्ञानाला एक मोठी देणगी दिली. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांना रेसर्पीन दिलें. ससे निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा हें द्रव्य टोंचतांच ते उठून हिंडूंफिरूं लागले. शरीर ज्या द्रव्यापासून डोपामीन बनवितें तें हें लेव्होडोपा. पुढें कंपवाताच्या रोग्यांचें तें मुख्य औषध झालें, आणि कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोग असा कीं, तें लेव्होडोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत आहे, हें मद्रासच्या संशोधकांनीं १९३७ सालींच दाखविलें होतें.

रक्तदाबाच्या उपचारांतहि ह्या मुळीचें ऋण मोठें आहे. ज्या डॉ. फ्राइस यांनीं तिचा धोका दाखविला, त्यांच्याच नेतृत्वाखालीं अमेरिकेंत १४३ पुरुषांवर एक काटेकोर चांचणी झाली. तिच्यांत रेसर्पीन आणि आणखी दोन औषधें वापरलीं होतीं. १९६७ सालीं निष्कर्ष आले. नकली गोळ्या घेणाऱ्या ७० जणांपैकीं २७ जणांवर गंभीर संकट ओढवलें. खरें औषध घेणाऱ्या ७३ पैकीं केवळ दोघांवर. रक्ताचा फार वाढलेला दाब औषधानें उतरविल्यास प्राण वांचतात, ही आज आपण गृहीत धरलेली गोष्ट ह्या चांचणीनें पक्की केली. १९७४ सालीं रेसर्पीनमुळें स्त्रियांच्या स्तनांत कर्करोग होतो अशी आवई उठली; पुढील मोठ्या अभ्यासांत ती खरी ठरली नाहीं. तरी तोंवर अधिक सोयीचीं औषधें आलीं होतीं, आणि रेसर्पीन मागें पडत गेलें.

ह्या कीर्तीची किंमत मात्र त्या झुडपानें चुकविली. मुळी हवी म्हणजे झाड उपटावें लागतें. पानें तोडल्याप्रमाणें तें पुन्हां फुटत नाहीं. बीं रुजण्याचें प्रमाण कमी, आणि मुळी चांगली भरावयाला दोन-तीन वर्षें लागतात. १९५० नंतर जगभरची मागणी रानांवर येऊन आदळली आणि तीं झपाट्यानें ओस पडलीं. १९६९ सालीं भारत सरकारनें मुळ्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९९० सालीं ही वनस्पति आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादींत गेली. टंचाई आली कीं भेसळ येते. दुसऱ्या जातींच्या मुळ्या सर्पगंधा म्हणून विकल्या जातात, आणि खऱ्या मुळींतहि स्थळ, वय व सालीचें प्रमाण यांप्रमाणें शक्ति कमीअधिक असते. म्हणून चिमूटभर चूर्णांत द्रव्य किती गेलें, हें डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं.

सर्पगंधेचें चूर्ण व गोळ्या आजहि बाजारांत मिळतात, आणि झोंप येत नाहीं म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून घेणारे लोकहि आहेत. त्यांच्यासाठीं चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली : ह्या मुळीचा पुरा परिणाम एका दिवसांत दिसत नाहीं, रक्तदाबावर तो दिसावयाला दोनतीन आठवडे लागतात, आणि औषध थांबविल्यावरहि तो कांहीं काळ रेंगाळतो. गुण येत नाहीं म्हणून मात्रा वाढविणारा माणूस आपल्या नकळत खोल पाण्यांत शिरत असतो. दुसरी : नाक चोंदणें, नाडी मंद होणें, जुलाब, पोटांत आम्ल वाढणें, अंग जड होणें, भयंकर स्वप्नें पडणें आणि मन उदास होणें, हीं तिचीं लक्षणें होत. ज्यांना खिन्नतेचा आजार आहे किंवा होता, ज्यांच्या जठरांत व्रण आहे, जे मनाच्या रोगावर अगर रक्तदाबावर इतर औषधें घेतात किंवा मद्य पितात, त्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये. तिसरी : गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं ती घेऊं नये. प्रसूतीपूर्वीं आईला रेसर्पीन दिलें असतां नवजात बालकाचें नाक चोंदून त्याला श्वास घेणें कठीण झाल्याचें डॉक्टरांनीं पाहिलें आहे. तान्हें मूल मुख्यतः नाकानेंच श्वास घेतें. रडणाऱ्या मुलाला ही मुळी पाजणें म्हणजे काय, हें यावरून उमगावें. आणि चौथी : साप चावला असतां ही मुळी उगाळीत बसूं नये. सर्पविषावर उतारा एकच, तो म्हणजे रुग्णालयांत मिळणारी प्रतिविषाची लस. मुळी शोधण्यांत गेलेली घटका परत येत नाहीं.

इतकें सांगितल्यानें आपल्या पूर्वजांच्या ज्ञानाची किंमत कमी होते काय? मला तसें वाटत नाहीं. पाटण्याच्या बाजारांत मुळी घेणारा खेडूत, दिल्लीचा हकीम, कलकत्त्याचा कविराज आणि परळचा डॉक्टर यांनीं एकापुढें एक पाऊल टाकलें म्हणून जगाला ही देणगी मिळाली. त्यांतल्या कोणीहि ही मुळी दुबळी आहे असें मानलें नव्हतें. ती निरुपद्रवी आहे ही समजूत परंपरेची नव्हे. ती आपल्या काळच्या बाजाराची आहे. ज्या मुळीनें उन्मत्त माणसाला शांत केलें तिच्या अंगीं त्या उन्मादाला पुरून उरेल इतकें बळ असलेंच पाहिजे. तें बळ ओळखून, मोजून, जाणत्याच्या हातून घेणें, हाच त्या परंपरेचा खरा मान आहे.